कोतवालीचा हिशेब : लोकनाट्याचा प्रयोग आणि त्याचा प्रेक्षक

वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याची छापील प्रत एका बैठकीत वाचून होते. पदव्युत्तर वर्गातले विद्यार्थी ती वाचतात, गण, गवळण, बतावणी, वग असे घटक ओळखतात, परीक्षेत ते क्रमाने लिहितात आणि एक शंका मनात तशीच बाळगून राहतात. एवढ्याशा संहितेसाठी महाराष्ट्रातली नाट्यगृहे पंधराशेहून अधिक वेळा का भरली? शंका रास्त आहे. आम्ही वर्गात शिकवतो ती संहिता आणि १९६५ सालानंतर लोक तिकीट काढून जे पाहायला गेले तो प्रयोग, या दोन गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरले की ती शंका सुटत नाही. प्रयोगातला मोठा भाग कागदावर आलेलाच नाही. तो त्या त्या संध्याकाळी जन्मला आणि त्याच संध्याकाळी संपला. मराठीतल्या राजकीय उपहासाचा इतिहास लिहायचा, तर ह्या न लिहिलेल्या भागाचा विचार टाळता येत नाही. आणि तो करायचा, तर रंगमंचावर उभा असलेल्या सोंगाड्याइतकेच समोर बसलेल्या प्रेक्षकाकडेही पाहावे लागते.

आपल्या वाङ्मयेतिहासात हा प्रेक्षक फारसा भेटत नाही. नाटककार भेटतो, नट भेटतो, फार तर नाटकमंडळी भेटते. ‘प्रेक्षकांनी उत्स्फूर्त दाद दिली’ या एका वाक्यात हजारो माणसांचा निकाल लावला जातो. संगीत नाटकाच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल, कारण तिथे प्रेक्षकाचे काम वन्समोअर मागण्यापलीकडे सहसा जात नाही. तमाशाच्या घराण्यातल्या कोणत्याही प्रयोगाबाबत मात्र ते चालणार नाही. त्या रचनेतच प्रेक्षकाला एक जागा ठेवलेली आहे.

ती रचना थोडी जवळून पाहू. तमाशात गणानंतर गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची म्होरकी मावशी (ही पुरुषाने करायची), वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या. कृष्ण गौळणींकडे दाण मागतो. दाण म्हणजे वाटेवरचा कर. आता कर मागणारा आणि तो चुकवू पाहणारी, अशी जोडी एकदा समोर उभी राहिली की त्यात जकात नाका, तलाठी, रेशनचा कारकून यांपैकी कोणालाही आणून बसवायला वेळ लागत नाही. मावशीने पेंद्याला विचारलेला एक आडवा प्रश्न पुरतो. पुढे बतावणीत तर कथानकाचे बंधनही नसते. वग सुरू झाला की राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार येतात. राज्याला बहुधा नाव नसते, असले तर कोणालाही खरे न वाटणारे असते. पात्राने एक गिरकी घेतली की गाव बदलते, दुसरी घेतली की दिवस सरतो. काळ तर इतका सैल असतो की राजाच्या दरबारात उभा असलेला हवालदार कालच्या वर्तमानपत्रातली बातमी बोलू शकतो आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही.

मागे उभे असलेले सुरत्ये ओळीचा शेवट उचलून धरतात. त्यांना आम्ही रंगमंचावरचा पहिला प्रेक्षक म्हणू. सोंगाड्या जे बोलतो त्याला हुंकार देणारे, मध्येच त्याला खोचून विचारणारे, त्याची फजिती झाली की हसणारे हे लोक समोरच्या गर्दीला एक प्रकारे सराव करून देतात. नाट्यगृहातल्या अंधारात मूकपणे बसण्याची जी शिस्त आपण पुढे शिकलो, ती या रचनेला मुळात ठाऊक नाही. उमा-बाबू सावळजकरांचा ‘मोहना-बटाव’ (१८६५) हा पहिला वग मानला जातो. तेव्हापासून पुढे कितीतरी काळ वगाचे कथानक आणि पदे तेवढी ठरलेली असत, संवाद मात्र नटांनी उभ्या उभ्या रचायचे असत. म्हणजे उपहासाला लागणारी मोकळीक ही कोणा बंडखोर लेखकाने मिळवून आणलेली नव्हती. ती त्या प्रकाराच्या हाडातच होती.

याउलट कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ (१९०७) आठवावे. तिथे कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना कळत होते आणि सरकारलाही कळले, म्हणून १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पण ते रूपक होते. एकदा बसवले की शेवटपर्यंत तसेच राहणारे, सरकारी अनुवादकाला घरी बसून वाचता येणारे. सोंगाड्याचा उपहास असा वाचता येत नाही. ज्याला त्यावर बंदी घालायची आहे त्याला एक तर प्रयोगाला जाऊन बसावे लागते, नाहीतर सगळा प्रकारच बंद करावा लागतो. पुढे नेमके हेच घडले.

मात्र त्याआधी या प्रकाराने आणखी एक वळण घेतले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या विचाराच्या प्रसारासाठी जे जलसे निघाले, त्यांनी तमाशाचाच सांगाडा उचलला आणि आतला मजकूर बदलला. गणातल्या गणपतीचा अर्थ लोकगणाचा नायक असा लावला गेला. भिक्षुकशाही, सावकारी, लग्नातला खर्च, अडाणीपणा हे विषय विनोदाच्या वाटेने आले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यांतले एक अग्रणी भीमराव कर्डक यांनी पुढे १९७८ मध्ये त्यांच्या स्वरूपाविषयी आणि कार्याविषयी पुस्तकच लिहिले. ह्या जलशांचा प्रेक्षक करमणुकीसाठी आलेला असला, तरी तेवढ्यासाठीच आलेला नव्हता. पाणवठ्यावर जाण्याचा हक्क, मेलेली गुरे न ओढण्याचा निर्धार, मुलाला शाळेत घालण्याचा आग्रह अशा गोष्टी त्याच्या कानावर गाण्यातून आणि टवाळीतून पडत होत्या. हसून झाल्यावर त्याच गावात दुसऱ्या दिवशी राहायचे होते. तिथे हसणे हीसुद्धा एक कृती होती आणि तिची किंमत मोजावी लागत असे. जलसाकारांविषयी आपल्या अभ्यासक्रमांत आजही दोन परिच्छेदांपलीकडे काही नसते, याचे आम्हाला वैषम्य वाटते.

आता अण्णाभाऊ साठे. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या या माणसाने शाळेत जवळजवळ पाऊल टाकले नव्हते. तमाशा मात्र त्यांना घरातूनच मिळाला होता. मुंबईत गिरणगावच्या चळवळीत ते वाढले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ ही नुसती नावे पाहिली तरी विषयाची दिशा कळते. अण्णाभाऊंनी गणातून गणपती काढला आणि तिथे मायभूमीला, शिवछत्रपतींना, हुतात्म्यांना वंदन आणले. गवळण त्यांनी गाळली. कृष्ण गेला, गौळणी गेल्या, आणि त्यांच्याबरोबर बाईच्या देहाभोवती फिरणारा विनोदही बराचसा गेला. उरला तो वग, आणि त्या वगातले राजे आता शेठजी, जमीनदार, पुढारी झाले.

हा बदल किती मोठा होता हे प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले की उमगते. परळ-लालबागच्या मैदानात किंवा चाळीच्या चौकात जो गिरणी कामगार हे प्रयोग पाहत होता, तो मूळचा सातारा, कोकण, नगर या बाजूचा. तमाशा त्याने गावच्या जत्रेत पाहिलेला होता. प्रकार ओळखीचा, ढोलकी ओळखीची, सोंगाड्याची चाल ओळखीची. आणि त्या ओळखीच्या चालीने जो माणूस समोर येत होता तो त्याच्याच खात्यातला मुकादम किंवा त्याच्याच वॉर्डात मते मागायला येणारा उमेदवार. गावच्या आठवणीचा आणि शहराच्या रोजच्या अनुभवाचा असा सांधा मराठी साहित्यात तोवर कोणत्याही कथा-कादंबरीने जुळवला नव्हता. अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांपेक्षा त्यांची लोकनाट्ये अधिक धारदार आहेत असे आमचे मत आहे, आणि त्याचे कारण हेच आहे. कादंबरी लिहिताना त्यांच्यापुढे वाचक होता, लोकनाट्य लिहिताना कामगार होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. १९४८ च्या सुमारास या सरकारने तमाशावर बंदी आणली. सांगितलेले कारण अश्लीलतेचे होते. तमाशात अश्लीलता नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पण बंदीचा वरवंटा फिरला तो पोटासाठी नाचणाऱ्या बाईवर आणि गाव न गाव फिरणाऱ्या फडावर. कम्युनिस्टांची कलापथकेही त्याच काळात सरकारच्या डोळ्यांत खुपत होती. त्यांच्या बाबतीत अश्लीलतेचे कारण लागू पडण्यासारखे नव्हते, त्यामुळे तिथे निराळी कलमे शोधावी लागली. ‘तमाशा’ हा शब्दच गुन्हा ठरल्यावर त्याच प्रकाराला ‘लोकनाट्य’ म्हणण्याची वाट निघाली, आणि या नामांतराचे श्रेय सामान्यतः अण्णाभाऊंना दिले जाते. पुढे सरकारने सुधारणेची भाषा सुरू केली, समिती नेमली, अटी घालून परवानगी दिली, आणि प्रयोगाआधी संहिता तपासून घेण्याची पद्धत रूढ झाली.

या शेवटच्या गोष्टीतला विनोद खरे तर एखाद्या वगाला शोभावा. ज्या प्रकारात संवाद लिहिलेलेच नसतात, त्याचे संवाद तपासणीसाठी लिहून द्यायचे. फडांनी ते लिहून दिले. कोणी तरी बसून सोंगाड्याच्या तोंडचे कागदावर उतरवले, त्यावर शिक्का बसला, आणि फड पुढच्या गावाला गेला. तिथे सोंगाड्याने काय केले असेल हे सांगायला नको. पण एक परिणाम मात्र झाला आणि तो टिकला. लोकनाट्याला ‘संहिता’ मिळाली. आज आपण जिला वाङ्मयप्रकार म्हणून शिकवतो तिच्या जन्मात साहित्यिक प्रेरणेइतकाच पोलीस परवान्याचा वाटा आहे.

नाव बदलल्याने दुसरेही एक दार उघडले. ‘तमाशा’ला न जाणारी माणसे ‘लोकनाट्य’ पाहायला जाऊ लागली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी १९५१ मध्ये ‘पुढारी पाहिजे’ लिहिले. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बिनबियाचे झाड’ दिले, शंकर पाटलांनी ‘कथा अकलेच्या कांद्याची’ दिली. निळू फुले, राम नगरकर ही मंडळी सेवा दलाच्या वाटेने आली. ‘पुढारी पाहिजे’मधल्या रोंग्याच्या भूमिकेने निळू फुले लोकांच्या नजरेत भरले. सुशिक्षित घरातल्या मुली गवळणीत उभ्या राहिल्या, आणि त्यांचे आईवडील समोर पहिल्या रांगेत बसले. ढोलकी पांढरपेशा वस्तीत आली. हे सगळे ज्यांनी केले त्यांच्या हेतूंविषयी आम्हाला आदर आहे, आणि ‘पुढारी पाहिजे’ वाचताना आजही हसू आवरत नाही.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. ज्या स्त्रियांनी आणि ज्या जातींनी हा प्रकार दीडशे वर्षे अंगावर वागवला, त्यांना या नव्या मंचावर जागा मिळाली नाही. त्यांची ढोलकी आली, त्यांची गिरकी आली, त्यांची बोली आली. त्या स्वतः मात्र तंबूतच राहिल्या. ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार अजरामर करणारे दादू इंदुरीकर यांच्यासारखे अस्सल सोंगाडे एका बाजूला, आणि सोंगाड्याची भूमिका करणारे नट दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी झाली. आपल्या समीक्षेने ही विभागणी ‘कलात्मक उन्नती’ म्हणून नोंदवली. शब्द जरा जपून वापरायला हवा होता.

ह्या पार्श्वभूमीवर ‘विच्छा’ येते. नायगावच्या गिरणगावी वस्तीत वाढलेले, सेवा दलाच्या बँडपासून सुरुवात केलेले दादा कोंडके यांच्यासाठी सबनीसांनी ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला आणि तो ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावाने रंगमंचावर आला. गोष्ट साधी आहे. राज्यातला कोतवाल मरतो. हवालदाराला वाटते की आता बढती आपली. पण प्रधान ती जागा आपल्या माणसाला देऊन टाकतो. मग हवालदार आपली प्रेयसी मैनावती हिच्या मदतीने डाव रचतो. नवा कोतवाल तिच्यावर लट्टू होतो. ती त्याच्याकडे राजाचा छपरी पलंग मागते. तो पलंग चोरतो, पकडला जातो, आणि शेवटी कोतवाली हवालदाराला मिळते.

सरकारी नोकरीतली बढती! उपहासासाठी याहून घरगुती विषय कोणता? १९६५ च्या प्रेक्षकात कारकून होते, शिक्षक होते, गिरणीतले जॉबर होते, आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या डोक्यावर कधी ना कधी कोणा प्रधानाचा मेहुणा येऊन बसलेला होता. स्वातंत्र्याला अठरा वर्षे होऊन गेली होती, राज्यात एकाच पक्षाची सत्ता होती, आणि वशिला हा शब्द रेशनकार्डाइतकाच घरोघरी पोचला होता. हवालदार रुसला की सभागृह त्याच्या बाजूने रुसत असे. आणि याच विश्वासाच्या बळावर दादा कोंडके कथानक सोडून बाहेर पडत. मंत्र्यांचे दौरे, धान्यटंचाई, पक्षांतर, पुढे इंदिरा गांधी, ज्या दिवशी जे चर्चेत असेल ते वगात येई. एकदा पाहिलेला माणूस पुन्हा जाई, कारण पुन्हा तेच दिसणार नाही याची त्याला खात्री असे. आशा भोसले यांनी प्रयोग पाहून भालजी पेंढारकरांकडे त्यांचे नाव काढले आणि ‘तांबडी माती’ (१९६९) ह्या चित्रपटातून ते पडद्यावर गेले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पडद्याने त्यांना घरोघरी पोचवले, हे खरे. मात्र पडद्यावर हवालदाराला समोरच्या रांगेतल्या माणसाला उत्तर देता येत नाही. त्यांच्या चित्रपटांत द्वयर्थी विनोद उरला आणि राजकीय विनोद पातळ झाला, याची कारणे अनेक असतील. समोरचा प्रेक्षक नाहीसा होणे हे त्यांतले एक असावे, असा आमचा तर्क आहे.

‘विच्छा’च्या शेवटाकडे मात्र टीकाकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. शेवटी काय होते? अन्याय करणारा प्रधान जागेवर असतो. राजा जागेवर असतो. कोतवाली ही संस्था जशी होती तशीच असते. फक्त एक लबाड कोतवाल जाऊन दुसरा, आपल्या ओळखीचा, आपल्याला आवडणारा लबाड कोतवाल येतो. मैनावती या सगळ्यांत सर्वांत चतुर. पण तिच्या चातुर्याचे बक्षीस हवालदाराला मिळते. प्रेक्षक टाळ्या वाजवतो तो आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणून. आम्ही हे दोष म्हणून सांगत नाही. साठीच्या दशकातल्या मराठी माणसाची राजकीय इच्छा नेमकी काय होती, याचा इतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नसेल. वशिला नको अशी ती इच्छा नव्हती. आपलाही वशिला लागावा अशी होती.

त्यानंतर सातच वर्षांनी मराठी रंगमंचावर दुसरा कोतवाल आला. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नाना फडणवीस झाले मोहन आगाशे. ह्या दोन नाटकांना शेजारी ठेवून कोणी वाचत नाही, कारण एक ‘लोकप्रिय’ आणि दुसरे ‘अभिजात’ अशी आपल्या कपाटांची मांडणी आहे. वस्तुतः दोन्हींची गोष्ट एकाच पदाभोवती फिरते. दोन्हीकडे कोतवाली आणि बाई यांचा व्यवहार आहे. हवालदार आपली मैना पुढे करून कोतवाली मिळवतो, घाशीराम आपली मुलगी देऊन. एकीकडे आपण हसतो आणि दुसरीकडे ते हसू मध्येच घशात अडकते.

हा फरक विषयातून आलेला नाही, रचनेतून आला आहे. तेंडुलकरांनी खेळे, कीर्तन, लावणी, दशावतार यांतून वस्तू उचलल्या. सुरत्यांच्या जागी बारा-पंधरा ब्राह्मणांची एक हलती भिंत उभी केली. सुरत्ये प्रेक्षकाला आत घेतात, ही भिंत त्याला बाहेर ठेवते. ती गाते, डुलते, आणि मागे चाललेले सारे झाकते. सोंगाड्याला इथे मोकळीक नाही. प्रत्येक पाऊल बसवलेले आहे, एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. म्हणूनच हे नाटक १९८० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर जाऊ शकले. भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकालाही ती भिंत कळली. ‘विच्छा’ही ‘सैयाँ भये कोतवाल’ होऊन हिंदीत गेली आणि चांगली रुजली, पण तिथे प्रत्येक संघाला आपापल्या गावचा विनोद नव्याने भरावा लागतो.

आणि बंदीचे काय झाले? इथेच या इतिहासातली खरी विसंगती आहे. ज्या लोकनाट्यात चालू मंत्र्यांची नावे घेऊन थट्टा होत होती, त्याच्या प्रयोगांना मंत्रीही हसायला येऊन बसत. ज्या नाटकात दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे पुणे होते, ते एकोणीस प्रयोगांनंतर थांबवले गेले, आणि तेही सरकारने नव्हे. नाना फडणविसांची आणि ब्राह्मणांची बदनामी होते, हा आक्षेप समाजातून आला आणि संस्थेनेच नाटक बंद केले. थिएटर अकादमी स्थापन करून ते १९७४ मध्ये पुन्हा उभे करावे लागले. बिननावाच्या राज्यातला बिननावाचा राजा कोणालाच झोंबत नाही, कारण तो आपण नसतो. नाव, गाव, जात सांगितली की हसणारा प्रेक्षकच वादी होऊन उभा राहतो. हे कळले की पूर्वीच्या सोंगाड्यांनी राज्याला नाव का दिले नाही, तेही कळते. त्यात भोळेपणा नव्हता.

हसणाऱ्या प्रेक्षकाचा वादी होतो, तसाच कधी कधी त्याचा पक्षही होतो. शाहीर साबळे यांनी ‘यमराज्यात एक रात्र’ (१९६०) पासून जो प्रकार चालवला त्याला त्यांनी मुक्तनाट्य म्हटले. त्यांचे ‘आंधळं दळतंय’ मुंबईत मराठी माणूस कसा बाजूला पडतो आहे यावर होते. म्हणीचा उरलेला अर्धा भाग प्रेक्षकाने मनात पुरा करायचा होता, आणि त्याने तो केला. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. तिच्या उदयकाळच्या वातावरणाशी या मुक्तनाट्याचे नाते नेहमीच सांगितले जाते. अण्णाभाऊंच्या ‘माझी मुंबई’तही मुंबई कोणाची हाच प्रश्न होता. तिथे उत्तर कष्टकऱ्यांची असे येत होते. त्याच गिरणगावात, थोड्याफार फरकाने त्याच प्रेक्षकापुढे, दोन दशकांत उत्तर बदलले. १९६९ च्या जुलैत अण्णाभाऊ गेले आणि ऑगस्टमध्ये अमर शेख. लाल बावट्याचे मैदान तोवर रिकामे झाले होते.

त्यानंतरच्या काळाबद्दल थोडक्यातच लिहितो. पु. लं.नी ब्रेख्टच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) केला, आणि ज्या ब्रेख्टने प्रेक्षकाला नाटकात गुंतू न देण्याचे शास्त्र मांडले त्याला आपल्या गिरकीशी जोडून पाहण्याची सोय अभ्यासकांना झाली. प्रबंध पुष्कळ झाले. दूरदर्शनच्या आणि पुढे वाहिन्यांच्या विनोदी कार्यक्रमांत सोंगाडे आले, पण त्यांच्यापुढचा प्रेक्षक कॅमेऱ्याच्या सोयीने हसतो.

अपवाद आहे तो २०१२ च्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’चा. जालना जिल्ह्यातल्या खेड्यांतले, शेतीत राबणारे कलावंत. लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, मूळ कल्पना आणि गाणी संभाजी भगत यांची. शिवाजीराजांचे विचार घेऊन जाण्यासाठी यम पृथ्वीवर येतो आणि शोधत शोधत भीमनगर मोहल्ल्यात पोचतो. साबळ्यांच्या वगात माणूस यमाच्या दारी गेला होता, इथे यमच वस्तीत येतो. आणि या नाटकात बिननावाचा राजा नाही. महाराष्ट्रात ज्या एका नावावर विनोद करणे सर्वांत अवघड, तेच नाव मथळ्यात आहे. तरी विनोदाचा नेम राजावर नाही, त्याचे नाव घेऊन दुकान मांडणाऱ्यांवर आहे. दोन शाहिरांचा पोवाड्यांचा सामना होतो. एकाचा शिवाजी एका धर्माचा कैवारी, दुसऱ्याचा रयतेचा. जुन्या तमाशातल्या कलगी-तुऱ्याची ही रीत. तिच्यात निवाडा फड करत नाही, समोर बसलेले लोक करतात. जलशाच्या प्रेक्षकापुढे जी अडचण होती ती इथे पुन्हा येते. टाळी कोणत्या शाहिराला द्यायची हे ठरवावे लागते, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने कोणाला दिली हे दिसत असते.